पहिल्या सामन्यावरून चढाई कळते का?

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामातला पुणेरी पलटणचा पहिला सामना हैदराबादला झाला. आदल्या हंगामाच्या विजेत्या पलटणने हरियाणा स्टीलर्सला ३५-२५ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळवणला बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात बसलो होतो आणि शेजारच्या बाकावर या सामन्याचं पोस्टमॉर्टेम सुरू होतं.

एकजण म्हणत होता, "यंदा पण कप आपलाच. असलम, मोहित, पंकज, आपला आकाश... चढाईला एवढी पोरं दुसऱ्या कोणाकडं आहेत?" ('आपला' कारण आकाश शिंदे नाशिक जिल्ह्यातला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात तो होता, तेव्हापासून इकडं त्याचं नाव 'आपला' लावल्याशिवाय घेतच नाहीत.) समोरचे आप्पा काही ऐकायला तयार नव्हते. "दहा गुणांनी जिंकलो ते ठीक. पण चढाई कुठं दिसली रे? समोरचे चुकले म्हणून जिंकलो. गेल्या वर्षाची धार नाही राहिली."

मी गप्प चहा पीत होतो. संख्याशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसानं अशा वेळी तोंड उघडलं की लोक बाक बदलतात, हा अनुभव आहे. पण पेट, सेट, नेट देऊन संशोधनाकडे येणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी या भांडणात बरंच काही आहे. दोघं एकाच सामन्याबद्दल बोलत होते, दोघांनी तोच सामना पाहिला होता, तरी निष्कर्ष उलटे. असं का होतं?

पहिलं कारण साधं आहे. 'चढाई चांगली' म्हणजे काय, हे दोघांनी ठरवलंच नव्हतं. पहिला चढाईपटूंची नावं मोजत होता. आप्पा बहुधा चढाईतून आलेले गुण मोजत होते, किंवा अंगावर काटा आणणाऱ्या चढाया. संशोधनात याला चल मोजता येईल अशा रूपात मांडणं म्हणतात आणि आराखड्यांची निम्मी गाडी इथेच रुळावरून घसरते.

सोपं वाटतं, पण करून बघा. 'सामन्यात चढाईतून किती गुण' हे माप घेतलं, तर ज्या संघाला जास्त चढाया मिळाल्या तो उगाच चांगला दिसेल. म्हणजे भागिले चढायांची संख्या करायला हवं. ठीक, 'दर चढाईला किती गुण' घेऊ. पण मग रिकाम्या चढाईचं काय करायचं? रिकामी चढाई हे प्रत्येक वेळी अपयश नसतं. सहा गुणांची आघाडी असेल आणि चार मिनिटं उरली असतील, तर शहाणा चढाईपटू निदान रेषा ओलांडून, वेळ खाऊन, सुखरूप परत येतो. प्रेक्षक ओरडतात, प्रशिक्षक खूश असतो. म्हणजे आघाडी मिळाली की चढाईचे आकडे मंदावतात. तुम्ही म्हणाल चढाई कमी म्हणून गुण कमी. प्रत्यक्षात पुढे होतो म्हणून चढाई कमी. कार्यकारणाचा बाण उलटा. आप्पांना 'धार नाही' असं जे दिसलं त्यात हा भाग किती होता, हे धावफलक नुसता बघून सांगता येणार नाही.

शिवाय तिसरी चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. प्रत्येक संघात ही तिसरी चढाई करणारी एक-दोन ठरलेली माणसं असतात. आता एक काल्पनिक हिशेब बघा. आकडे माझे, समजावण्यापुरते.

तीन सामन्यांत दोन चढाईपटूंनी प्रत्येकी ३० चढाया केल्या. पहिल्याच्या १० साध्या चढाया, त्यात तो १ वेळा बाद. २० तिसऱ्या चढाया, त्यात १० वेळा बाद. एकूण ११ वेळा बाद. दुसऱ्याच्या २५ साध्या चढाया, ४ वेळा बाद. ५ तिसऱ्या चढाया, ३ वेळा बाद. एकूण ७ वेळा बाद. बाकावरचा निकाल: दुसरा भरवशाचा, पहिल्याला बसवा. पण वेगवेगळं करून बघा. साध्या चढाईत पहिला १० टक्के वेळा बाद होतो, दुसरा १६ टक्के. तिसऱ्या चढाईत पहिला ५० टक्के, दुसरा ६० टक्के. दोन्ही प्रकारांत पहिलाच सरस, आणि एकत्र बेरीज केली की तोच वाईट! कारण अवघड कामं त्याच्या वाट्याला आली. पुस्तकात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण तुमच्या माहितीत 'अवघड काम कोणाला दिलं गेलं' हा रकाना नसेल तर हा विरोधाभास तुम्हाला कधी दिसणारसुद्धा नाही, एवढं लक्षात ठेवा.

असाच दुसरा रकाना: समोर किती बचावपटू होते. सहा किंवा सात असतील तर बोनस रेषा खुली असते, पण पकडायला हातही जास्त. तीन किंवा कमी असतील तर बोनस बंद, पकड झाली तर ती अव्वल पकड आणि समोरच्यांना एक गुण जादा. पण पकडणारेच कमी. यातलं सोपं कोणतं? तुम्हाला लगेच उत्तर सुचलं असेल तर ते लिहून ठेवा आणि मग मोजा.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा माप ठरलं: ज्या चढाईत किमान एक गुण आला ती यशस्वी. एका सामन्यातून संघाच्या चढाईबद्दल किती कळतं?

सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाईनं पूर्ण वेळ घेतला तर एकूण ८०, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. हिशेबाला ४० धरू. समजा या संघाचं खरं कौशल्य असं आहे की शंभरातल्या ४० चढाया यशस्वी होतात. मग एका सामन्यात ४० पैकी १६ यशस्वी व्हायला हव्यात. होतील का बरोबर १६? नाही. प्रमाणित त्रुटी काढा: ०.४ गुणिले ०.६ भागिले ४०, त्याचं वर्गमूळ, साधारण ०.०७७. दोन्ही बाजूंना जवळपास दुप्पट घेतलं तर पट्टा येतो २५ ते ५५ टक्के. म्हणजे तोच संघ, तीच पोरं, तेच कौशल्य, आणि तरी एखाद्या दिवशी १० यशस्वी चढाया दिसू शकतात, एखाद्या दिवशी २२. दहावाल्या दिवशी आप्पा म्हणतील धार गेली. बाविसाव्या दिवशी समोरचा म्हणेल कप आपलाच. आणि संघात तर काहीच बदललेलं नाही.

विश्वास बसत नसेल तर एका डब्यात १० चिठ्ठ्या टाका, ४ वर खूण करा. एक काढा, नोंद करा, परत टाका, हलवा. ४० वेळा. हा झाला एक 'सामना'. असे दहा सामने खेळा. (मी हे पदव्युत्तर वर्गातल्या मुलांकडून करून घेतो. ज्याच्या डब्यातून २१ येतात त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, जणू काही त्यानं कौशल्यानं चिठ्ठ्या काढल्या.)

मग किती चढाया लागतील? खरं प्रमाण अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत कळायला हवं असेल, तर या सूत्रानं साधारण ३६९ चढाया, म्हणजे नऊ-सव्वानऊ सामने. आणि हासुद्धा आशावादी आकडा आहे, कारण सूत्र धरून चालतं की प्रत्येक चढाई दुसरीपासून स्वतंत्र आहे. कबड्डीत तसं नसतं. एका सामन्यातल्या चाळीसही चढाया एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, एकाच मॅटवर, एकाच दिवशीच्या मनःस्थितीत होतात. लोण चढला की पुढच्या चार-पाच चढायांचा रंगच बदलतो. त्यामुळे तुमच्याकडे ४० नोंदी असल्या तरी माहिती ४० नोंदींएवढी नसते. काही प्रश्नांसाठी तर ती एकच नोंद असते: एक प्रतिस्पर्धी, एक सामना. आराखड्याच्या सादरीकरणात समितीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "तुमचं अभ्यास-एकक काय?" तो प्रश्न छळायला विचारलेला नसतो. एका शाळेतल्या २०० मुलांवर प्रश्नावली भरून घेऊन 'जिल्ह्यातील शाळा' असं शीर्षक देणारे आप्पा आपल्यातही पुष्कळ आहेत.

गंमत म्हणजे कळवणच्या माणसाला हे दुसऱ्या भाषेत पक्कं ठाऊक आहे. बाजार समितीत नव्या कांद्याच्या लिलावाचा पहिला दिवस असला की पहिल्या गाडीला मुहूर्ताचा भाव मिळतो. फोटो निघतात, पेढे वाटले जातात. पण त्या भावावर हिशेब धरून मुलीच्या लग्नाची तारीख कोणी काढत नाही. पुढं आवक वाढली की भाव कुठं जाईल हे प्रत्येकाला माहीत असतं. तोच माणूस संध्याकाळी टीव्हीसमोर बसला की मुहूर्ताच्या सामन्यावर अख्खा हंगाम काढून देतो.

त्या हंगामाचं पुढं काय झालं? बारा संघांत प्रत्येकी २२ साखळी सामने, वरचे सहा बाद फेरीत. पुणेरी पलटण त्या सहांत आलीच नाही. आणि पहिल्या सामन्यात दहा गुणांनी हरलेली हरियाणा स्टीलर्स साखळीत पहिली आली आणि २९ डिसेंबरला पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून विजेती झाली, तेही पुण्यात, बालेवाडीला.

असंच आणखी एक. २६ जुलै २०१४, प्रो कबड्डीचा अगदी पहिला सामना, मुंबईत. यू मुंबानं जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असं झोडपलं. ३१ ऑगस्टला अंतिम सामना पुन्हा याच दोघांत झाला आणि जयपूरनं तो ३५-२४ असा जिंकला.

वाचताना मान डोलावली असेल तर थांबा. मी आत्ता तुम्हाला फसवलं.

मी दोन उदाहरणं दिली, दोन्ही माझ्या मुद्द्याला सोयीची. २०१५ मध्ये यू मुंबानं सलामीला त्याच जयपूरला २९-२८ असं एका गुणानं हरवलं आणि त्या वर्षी विजेतेपदही घेतलं. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणची सुरुवात विजयानं झाली आणि १ मार्च २०२४ ला चषकही त्यांनीच उचलला. ही उदाहरणं मी आधी का सांगितली नाहीत? कारण ती गोष्टीत बसत नव्हती. साहित्याचा आढावा लिहिताना नेमकं असंच होतं: आपल्या गृहीतकाला धार्जिणे पाच निबंध सापडतात, उरलेले 'संदर्भ वेगळा आहे' म्हणून बाजूला पडतात. पहिला सामना हंगामाबद्दल काही सांगतो का, हे बघायचं तर सगळ्या हंगामांतले सगळे संघ घ्यावे लागतील. प्रत्येकाच्या पहिल्या सामन्यातलं चढाईचं प्रमाण एका रकान्यात, उरलेल्या सामन्यांचं दुसऱ्यात. 'उरलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. पहिला सामना दोन्ही रकान्यांत मोजलात तर सहसंबंध फुकटात वाढेल.

खेळ वेगळा, पण हे काम कोणीतरी फार सुंदर करून ठेवलं आहे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या बेसबॉल हंगामातले १८ फलंदाज घेतले. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या ४५ संधी झाल्या होत्या. प्रश्न असा की या ४५ वरून उरलेल्या हंगामाचा अंदाज कसा करायचा? सरळ उत्तर: ज्यानं ४५ पैकी १८ फटके साधले त्याचं प्रमाण ०.४००, तो पुढंही ०.४०० राहील. दुसरं उत्तर, चार्ल्स स्टाइन यांच्या सिद्धांतावरून आलेलं: प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढा. अठरा जणांची सरासरी होती ०.२६५. म्हणून ०.४०० वाल्याचा अंदाज ०.२९४. सरासरीपासून जो फरक दिसतोय त्याचा साधारण पाचवा हिस्साच खरा धरायचा, बाकीचा नशिबाचा.

हंगाम संपल्यावर ताळा केला. सोळा खेळाडूंच्या बाबतीत ओढलेला अंदाज सत्याच्या जास्त जवळ निघाला आणि एकूण वर्ग-त्रुटी साधारण साडेतीन पटीनं कमी भरली. तळाला ०.१५६ वर असलेला फलंदाज उरलेल्या हंगामात ०.२०० वर आला, माथ्यावरचा ०.४०० वाला ०.३४६ वर. बहुतेक मधे सरकले. ते बिघडले नव्हते की सुधारले नव्हते, सुरुवातीच्या आकड्यात नशिबाचा वाटा होता तो गळून गेला.

कबड्डीला हे लावायचं तर आपल्याला एक गोष्ट लागते: संघासंघांत खरा फरक किती असतो? समजा त्याचं प्रमाणित विचलन ४ टक्के-गुण आहे (हेही गृहीतच). मग ०.२४ भागिले ०.०४ चा वर्ग, म्हणजे १५०. याचा अर्थ, सामना बघायच्या आधीच आपल्याजवळ १५० चढायांएवढी माहिती आहे आणि ती सांगते ४० टक्के. पहिल्या सामन्यात ४० पैकी २२ यशस्वी दिसल्या, ५५ टक्के. एकत्र करा: ६० अधिक २२, भागिले १९०. उत्तर ४३ टक्के. समोरचा माणूस ५५ म्हणून नाचतोय, आप्पा म्हणतात काही खरं नाही, आणि आकडा म्हणतो किंचित बरं दिसतंय, पुढं बघू. असा माणूस चहाच्या हॉटेलात कोणालाच आवडत नाही.

पण या पद्धतीच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. पहिली: ती धरून चालते की खरं कौशल्य हंगामभर तेच राहील. अकराव्या हंगामात पलटणचा कर्णधार असलम इनामदार मधेच गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. तिथून पुढचा संघ हा वेगळा संघ होता. सरासरीकडे ओढणारं कुठलंही सूत्र हे ओळखत नाही. म्हणून पलटण पुढं घसरली ती 'नशीब गळालं' म्हणून, की असलम गेला म्हणून, की दोन्ही, याचा निवाडा नुसत्या गुणतक्त्यावर करता येत नाही. मी वर दिलेलं उदाहरण या दृष्टीनंही कच्चंच होतं.

दुसरी जागा जास्त बोचते. ०.४०० वाला तो फलंदाज म्हणजे रॉबर्टो क्लेमेंटे, बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर फलंदाजांपैकी एक. सूत्रानं त्याला ०.२९४ वर आणलं, तो खेळला ०.३४६. सूत्र अठरा जणांच्या एकूण चुकीसाठी चांगलं आहे, एकेका माणसाशी न्यायानं वागेल अशी हमी ते देत नाही. जो खरंच वेगळा आहे त्यालाही ते चारचौघांत ओढतं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण समजलं घरी. माझा मामेभाऊ कॉलेजच्या संघाकडून चढाई करतो. गेल्या वर्षी पहिल्या सामन्यात त्याला सात चढाया मिळाल्या, चारदा बाद झाला. नंतर पूर्ण वर्ष राखीव. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "दादा, तुझं ते शास्त्र काय म्हणतं? मी खरंच बेकार आहे का?"

मी हिशेब मांडला. समजा तो बरा चढाईपटू आहे आणि दर चढाईला बाद होण्याची शक्यता ३० टक्के. तर सातात चार किंवा जास्त वेळा बाद होण्याची शक्यता साधारण १२.६ टक्के. म्हणजे असे आठ बरे चढाईपटू पहिल्या सामन्यात उतरवले तर सरासरीनं त्यातल्या एकाचं असं होईल. तो खूश झाला. मग मला पुढचंही सांगावं लागलं: या सात चढायांवरून तू चांगला आहेस असंही म्हणता येत नाही. सातावरून काहीच म्हणता येत नाही. त्याचं तोंड पुन्हा उतरलं.

प्रशिक्षकांचीही बाजू आहे, ती त्याला पटली नाही तरी. कॉलेजच्या विभागीय स्पर्धा बहुतेकदा बाद पद्धतीच्या. हरलात की घरी. नऊ सामने थांबून ३६९ चढाया गोळा करायची चैन तिथं कोणाला नसते, निर्णय उद्या सकाळी घ्यायचा असतो. पण मग विचारायचा प्रश्न बदलतो: सामन्यातल्या सात चढायांखेरीज आणखी काय माहिती हाताशी होती? रोजच्या सरावात तो शेकडो चढाया करत होता. त्या कोणी मोजल्या नव्हत्या.

आता तो स्वतः मोजतो. दोनशे पानी वहीत, प्रत्येक सरावानंतर: साधी की तिसरी, समोर किती जण, गुण, बाद. मागच्या आठवड्यापर्यंत २१२ चढाया झाल्या होत्या. परवा फोन आला, "दादा, डावीकडून गेलो की उजवीकडून, हा पण रकाना घालू का?" मी विचारलं, आधीच्या २१२ चं काय करणार? तर म्हणे, त्या आठवणीनं भरतो. त्याला म्हटलं, तेवढं मात्र करू नकोस. २१३ पासून घाल.